नायट्रेट : विहिरीतले आणि बिटातले

जयपूर शहराच्या दक्षिणेस, टोंककडे जाणाऱ्या रस्त्यालगत दुर्गापुरा ही वस्ती आहे. एके काळी हे शहराबाहेरचे खेडे होते. आज ते शहराच्या विस्तारात सामावून गेले आहे. तरीही शेतकऱ्यांच्या मनात ह्या नावाचे स्थान वेगळे आहे, आणि त्याचे कारण म्हणजे येथील राजस्थान कृषी संशोधन संस्था होय. 'दुर्गापुरा मधु' हे खरबुजाचे वाण, 'दुर्गापुरा मीठा' व 'दुर्गापुरा केसर' ही कलिंगडाची वाणे आणि 'आर. डी.' ह्या अक्षरांनी ओळखली जाणारी सातूची अनेक वाणे ह्याच केंद्राच्या नावाशी जोडलेली आहेत. रेताड जमीन, अपुरा पाऊस आणि खोल गेलेले पाणी ह्यांच्याशी झगडत पीक कसे काढावे, हा येथील अभ्यासाचा विषय आहे.

ह्या कोरड्या प्रदेशात भूजलाबरोबर आणखी एक प्रश्न उभा राहतो. जयपूर जिल्ह्याच्या काही भागांत विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण पिण्यास योग्य अशा मर्यादेच्या बरेच वर गेलेले आढळते. उलटपक्षी, गेल्या वीस वर्षांत जगभरच्या क्रीडावैद्यकात हेच नायट्रेट शर्यतीपूर्वी मुद्दाम घेण्याजोगे द्रव्य म्हणून मान्यता पावले आहे. बिटाच्या घट्ट रसाच्या लहान लहान बाटल्या खेळाडूंसाठी विकल्या जातात, आणि त्यांच्यावर नायट्रेटचे प्रमाण अभिमानाने छापलेले असते. एका ठिकाणी जे गाळून काढण्यासाठी खर्च करावा लागतो, तेच दुसऱ्या ठिकाणी पैसे मोजून विकत घेतले जाते. ही विसंगती नेमकी कशी उलगडते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

निळ्या पडलेल्या बाळाची गोष्ट

नायट्रेट म्हणजे नायट्रोजनचा एक आणि प्राणवायूचे तीन अणू मिळून बनलेला ऋणभारित गट. वनस्पती आपला बहुतेक नायट्रोजन ह्याच रूपात मुळांवाटे घेतात. मातीचे कणही बहुधा ऋणभारितच असल्यामुळे ते नायट्रेटला धरून ठेवू शकत नाहीत. पाण्याबरोबर ते खाली झिरपत जाते आणि भूजलात साठते. शेतात घातलेले जास्तीचे खत, गोठ्यांतील मलमूत्र आणि वस्त्यांतील शौचखड्डे ही त्याची प्रमुख उगमस्थाने होत.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने ही मर्यादा ५० मिलिग्रॅम ठरविली आहे. ह्या मर्यादेमागे तान्ह्या मुलांचा इतिहास आहे. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉम्ली ह्या डॉक्टरांनी निळसर पडलेल्या तान्ह्या बाळांची नोंद केली. शेतावरच्या विहिरीचे पाणी वापरून त्यांचे दूध तयार केले जात होते, आणि त्या पाण्यात नायट्रेट विपुल होते. शरीरात नायट्रेटपासून नायट्राइट तयार होते. नायट्राइटमुळे हीमोग्लोबिनमधील लोहाचे रूप पालटते व मेथेमोग्लोबिन बनते. हे द्रव्य प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. प्रौढांच्या रक्तात ते पूर्ववत करणारे एंझाइम पुरेसे असते. बाळाच्या रक्तात ते अपुरे असते. शिवाय बाळाच्या जठरातील आम्ल सौम्य असल्यामुळे तेथे जिवाणू वाढतात व नायट्राइट अधिक बनते.

राजस्थानातील पाच ठिकाणी झालेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. त्या ठिकाणांच्या पाण्यातील नायट्रेटचे सरासरी प्रमाण दर लिटरला २६ मिलिग्रॅमपासून ४५९ मिलिग्रॅमपर्यंत होते. तेथे मेथेमोग्लोबिनचे वाढलेले प्रमाण केवळ तान्ह्या मुलांतच नव्हे, तर इतर वयोगटांतही आढळून आले. ह्या पाच ठिकाणांपैकी एका ठिकाणी नायट्रेट दर लिटरला २२२ मिलिग्रॅम होते. असे पाणी दिवसाला दोन लिटर पिणाऱ्या माणसाच्या पोटात ४४४ मिलिग्रॅम नायट्रेट जाते. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्याची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

जिभेवरील जिवाणूंचे साहाय्य

नायट्रेटचा चांगला गुण समजण्यासाठी नायट्रिक ऑक्साइड ह्या वायूचा परिचय करून घेतला पाहिजे. नायट्रोजन व प्राणवायू ह्यांचा एकेक अणू मिळून झालेला हा अत्यंत साधा रेणू रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायू सैल करतो; वाहिन्या रुंदावतात व रक्ताचा ओघ वाढतो. रक्तवाहिन्यांना संदेश पोचविण्याचे त्याचे हे कार्य उलगडल्याबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो व फरीद मुराद ह्या तिघांना १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीर हा वायू आर्जिनीन ह्या ॲमिनो आम्लापासून बनविते, आणि त्या क्रियेला प्राणवायू लागतो. नायट्रेट व नायट्राइट म्हणजे ह्या क्रियेनंतर उरलेली निरुपयोगी राख, असाच त्या काळी समज होता.

१९९४ साली ब्रिटन व स्वीडन येथील संशोधकांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ह्या समजाला धक्का दिला. मानवी जठरात कोणत्याही एंझाइमाच्या मदतीवाचून नायट्रिक ऑक्साइड तयार होते, असे त्यांनी दाखविले. त्याचा मार्ग मोठा वळणाचा आहे. भाजीतील नायट्रेट आतड्यांतून रक्तात शोषले जाते. रक्तातील नायट्रेटचा सुमारे चौथा हिस्सा लालापिंड ओढून घेतात, आणि लाळेत त्याचे प्रमाण रक्ताच्या दसपट किंवा त्याहूनही अधिक होते. जिभेच्या मागील भागावर राहणारे जिवाणू ह्या नायट्रेटमधील प्राणवायूचा एक अणू काढून घेऊन त्याचे नायट्राइट बनवितात. लाळ गिळली गेली की जठरातील आम्लामुळे काही नायट्राइटचे नायट्रिक ऑक्साइड होते. उरलेले रक्तात मिसळते व प्राणवायूची चणचण असलेल्या पेशींत जाऊन तेथे नायट्रिक ऑक्साइड निर्माण करते.

माणसाच्या स्वतःच्या पेशी ह्यातील पहिली पायरी फारशी पार पाडू शकत नाहीत. ती जिवाणूंवर सोपवावी लागते. २००८ साली झालेल्या एका प्रयोगात नायट्रेट घेण्यापूर्वी जंतुनाशक द्रवाने चूळ भरली असता रक्तातील नायट्राइट जवळजवळ वाढलेच नाही. तोंडातील सर्व जंतू शत्रूच असतात, ह्या समजुतीला ह्यामुळे मुरड घालावी लागली.

थोड्या प्राणवायूत तेवढेच काम

ठरावीक वेगाने सायकल चालविण्यास लागणारा प्राणवायू जवळजवळ ठरलेला असतो, हा व्यायामशास्त्राचा जुना सिद्धांत होता. २००७ साली स्टॉकहोम येथे फिलिप लार्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ निरोगी पुरुषांना तीन दिवस सोडियम नायट्रेट दिले. तेच काम करताना त्यांना प्राणवायू कमी लागला. प्रमाण भाज्यांतून सहज मिळू शकेल इतकेच होते.

२००९ साली इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठात अँड्र्यू जोन्स ह्यांच्या गटाने नायट्रेटच्या क्षाराऐवजी बिटाचा रस वापरला. आठ पुरुषांनी सहा दिवस रोज अर्धा लिटर रस घेतला. तीव्र वेगाने सायकल चालविताना ते पूर्वी सरासरी ५८३ सेकंदांत थकून थांबत. रसानंतर ते ६७५ सेकंद टिकले. ही वाढ सुमारे १६ टक्के दिसते. परंतु थकेपर्यंतचा काळ आणि शर्यतीचा काळ ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. ठरावीक अंतराच्या शर्यतीत हा लाभ टक्का-दोन टक्के, फार तर तीन टक्के एवढाच उरतो. २०११ साली त्याच गटाला चार किलोमीटरच्या सायकल-शर्यतीत २.८ टक्के सुधारणा आढळली.

ह्या प्रयोगात ताडून पाहण्याची रीत विशेष होती. बिटातून फक्त नायट्रेट काढून टाकलेला, पण रंग व चव तीच असलेला रस दुसऱ्या वेळी देण्यात आला. लाभ नायट्रेटयुक्त रसानेच झाला. त्यामुळे तो बिटाच्या लाल रंगाचा किंवा खेळाडूच्या श्रद्धेचा परिणाम नव्हता, हे स्पष्ट झाले.

क्षणार्धाच्या खेळाचा प्रश्न

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. प्राणवायूची काटकसर दहा मिनिटांच्या शर्यतीत उपयोगी पडेल; पण काही सेकंदांच्या धावेत तिचे काय काम? कबड्डीतील चढाई तीस सेकंदांची असते. पहिल्या प्रो कबड्डी स्पर्धेचे, २०१४ चे, विजेतेपद जयपूरच्याच संघाने मिळविले होते; तो खेळ पाहिलेल्या प्रेक्षकाला ठाऊक असते की, निर्णायक हालचाल एका क्षणात होऊन जाते. एवढ्या वेळात लागणारी ऊर्जा बव्हंशी स्नायूतील साठ्यातून, म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट व ग्लायकोजेन ह्यांतून येते. बाहेरून येणाऱ्या प्राणवायूवर ती अवलंबून नसते.

ह्या शंकेचे उत्तर स्नायूंच्या रचनेत मिळते. स्नायूंत मंद व वेगवान असे दोन प्रकारचे तंतू असतात. मंद तंतूंना रक्तपुरवठा मुबलक असतो. ते दीर्घकाळ काम करतात. वेगवान तंतू झटक्याने आकुंचन पावतात, लवकर थकतात, आणि काम करताना त्यांच्या भोवतालचा प्राणवायू कमी होऊन आम्लता वाढते. नायट्राइटचे नायट्रिक ऑक्साइड होण्यास नेमकी हीच परिस्थिती अनुकूल असते. म्हणजे, जेथे शरीराचा नेहमीचा, प्राणवायूवर चालणारा मार्ग मंदावतो, तेथेच नायट्रेटचा आडमार्ग खुला होतो.

प्राण्यांवरील प्रयोगांनी ह्यास दुजोरा दिला. २०१२ साली स्वीडनमध्ये उंदरांना सात दिवस नायट्रेट दिले असता, त्यांच्या वेगवान स्नायूंतील कॅल्शियमची ने-आण करणारी प्रथिने वाढली व आकुंचनाचा जोर वाढला. मंद स्नायूंत असा फरक पडला नाही. कॅल्शियम हाच स्नायूला आकुंचनाचा इशारा देतो, हे येथे ध्यानात घ्यावे. २०१३ मध्ये बिटाचा रस दिलेल्या घुशीवर्गीय प्राण्यांत व्यायामाच्या वेळी रक्ताचा वाढलेला ओघ मुख्यतः वेगवान तंतूंकडेच वळलेला दिसला.

माणसांवरील प्रयोगांत, २०१५ साली अमेरिकेतील अँड्र्यू कॉगन व सहकाऱ्यांनी गुडघा सरळ करण्याच्या हालचालीत स्नायूंचे बळ मोजले. नायट्रेटचा लाभ हळू हालचालीत दिसला नाही. सर्वांत वेगवान हालचालीत मात्र बळ सुमारे ४ टक्क्यांनी वाढले. २०१६ साली सांघिक खेळ खेळणाऱ्या ३६ पुरुषांना पाच दिवस बिटाचा रस दिल्यावर वीस मीटरची धाव १.२ टक्क्यांनी सुधारली. आणि मध्ये थोडी विश्रांती घेत पुनःपुन्हा धावण्याच्या कसोटीत त्यांनी ३.९ टक्के अधिक अंतर कापले. पुनःपुन्हा धावण्याच्या खेळात आणखी एक गोष्ट घडते. दोन धावांच्या मधल्या विश्रांतीत क्रिएटिन फॉस्फेटचा साठा भरून निघतो, आणि ते काम प्राणवायूवर चालते. म्हणून एकाच धावेपेक्षा धावांच्या मालिकेत नायट्रेटचा उपयोग होण्यास अधिक वाव असतो.

मर्यादांची जाणीव

एवढ्यावरून बिटाचा रस म्हणजे विजयाची गुरुकिल्ली असे मानणे चुकीचे ठरेल. २०१४ साली १५०० मीटर धावणाऱ्या आठ अव्वल दर्जाच्या धावपटूंवर प्रयोग झाला, तेव्हा गटाचा विचार करता काहीही सुधारणा दिसली नाही. ज्यांचे हृदय, रक्तवाहिन्या व स्नायू अनेक वर्षांच्या सरावाने आधीच घडलेले असतात, त्यांना ह्या द्रव्याने देण्यासारखे थोडेच उरते, असे अनेक प्रयोगांवरून दिसते. बहुतेक प्रयोग लहान गटांवर व तरुण पुरुषांवर झालेले आहेत. त्यांचे निष्कर्ष स्त्रियांना, मुलांना किंवा वृद्धांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

तरीही आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात ज्या मोजक्या पूरक द्रव्यांना पुरेसा आधार असल्याचे मान्य केले, त्यांत कॅफीन, क्रिएटिन, बीटा-ॲलानीन व खाण्याचा सोडा ह्यांच्या जोडीला नायट्रेटचाही समावेश आहे. प्रमाण ३१० ते ५६० मिलिग्रॅम, आणि वेळ स्पर्धेपूर्वी दोन ते तीन तास. २०१३ साली झालेल्या एका प्रयोगात सुमारे ५२० मिलिग्रॅमच्या दुप्पट नायट्रेट देऊनही लाभ वाढला नाही, ही गोष्ट अधिकस्य अधिकं फलम् मानणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

कलिंगडाची वाट

दुर्गापुऱ्याच्या कलिंगडांचा उल्लेख आरंभी आला, तो केवळ स्थळवर्णनासाठी नव्हे. सिट्रुलिन ह्या ॲमिनो आम्लाचे नाव कलिंगडाच्या शास्त्रीय नावावरून पडले आहे. १९१४ साली जपानी संशोधकांनी ते प्रथम कलिंगडाच्याच रसातून वेगळे केले. मूत्रपिंडे सिट्रुलिनचे आर्जिनीन बनवितात, आणि आर्जिनीनपासून नायट्रिक ऑक्साइड होते. म्हणजे कलिंगड व बीट ही दोन्ही एकाच मुक्कामाला पोचविणारी, परंतु भिन्न मार्गांची फळे-मुळे आहेत. एक मार्ग प्राणवायू मुबलक असताना चालतो, दुसरा तो तुटपुंजा असताना. खेळाडूच्या दृष्टीने कलिंगडाच्या बाजूचा पुरावा बिटाइतका भक्कम नाही. उन्हाळ्यात तहान भागविण्याचा त्याचा गुण मात्र कोणत्याही प्रयोगावाचून सिद्ध आहे.

विसंगतीचा उलगडा

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. दर लिटरला २२२ मिलिग्रॅम नायट्रेट असलेले दोन लिटर पाणी पिणारा ग्रामस्थ ४४४ मिलिग्रॅम नायट्रेट घेतो. खेळाडूसाठी सांगितलेल्या प्रमाणाच्या अगदी मध्यावर हा आकडा येतो. नायट्रेटचा रेणू दोन्हीकडे एकच. मग भेद कोठे आहे?

पहिला भेद घेणाऱ्याच्या देहाचा. पाणी घरातील सर्वांसाठी असते. बाटलीने दूध पिणारे बाळ आपल्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १५० मिलिलिटर द्रव घेते. त्या विहिरीच्या पाण्यातून त्याला दर किलोमागे ३३ मिलिग्रॅम नायट्रेट मिळेल. रोज, आयुष्यभर घेण्यास निर्धोक मानलेली मर्यादा दर किलोमागे ३.७ मिलिग्रॅम आहे. म्हणजे बाळाला तिच्या जवळजवळ नऊपट मिळते. सत्तर किलोच्या खेळाडूने पाचशे मिलिग्रॅम घेतले, तरी ती मर्यादा दुपटीच्या आसपासच ओलांडली जाते, आणि तेही स्पर्धेच्या मोजक्या दिवशी.

दुसरा भेद सोबतीचा. जठरात नायट्राइटचा काही प्रथिनजन्य द्रव्यांशी संयोग होऊन नायट्रोसअमाइने बनू शकतात, व त्यांतील काही कर्करोगकारक आहेत. म्हणूनच, अशी संयुगे बनण्यास अनुकूल स्थितीत पोटात गेलेले नायट्रेट व नायट्राइट कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरतात, असे मत आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नोंदविले आहे. भाजीत नायट्रेटबरोबर क जीवनसत्त्व व इतर द्रव्ये असतात, आणि ती ह्या संयोगाला अटकाव करतात. विहिरीच्या पाण्यात अशी सोबत नसते; उलट, नायट्रेट ज्या मलमूत्रातून आले त्याचेच जंतूही पुष्कळदा बरोबर येतात.

तिसरा भेद निवडीचा. खेळाडू आपल्या इच्छेने, ठरावीक दिवशी, मोजून नायट्रेट घेतो व नको असेल तेव्हा थांबतो. गावची विहीर ही निवड देत नाही. ज्या बाईला त्याच विहिरीवरून रोज घागर भरावी लागते, तिला प्रमाण व वेळ ठरविण्याचा अधिकार नसतो. तेव्हा बिटाच्या रसाचे गुण ऐकून विहिरीच्या पाण्याची चिंता कमी करण्याचे काही कारण नाही.

काही व्यवहार्य सूचना

नायट्रेटसाठी महाग बाटलीच हवी असे नाही. युरोपातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००८ साली दिलेल्या सरासरीनुसार एक किलो बिटात सुमारे १४०० मिलिग्रॅम, तर पालकात सुमारे १०७० मिलिग्रॅम नायट्रेट असते. ह्या हिशेबाने पाव किलो बीट साडेतीनशे मिलिग्रॅम देते. माठ, मेथी व मुळा ह्यांतही ते चांगले असते. टोमॅटो व धान्ये ह्यांत अत्यल्प. मात्र ही सरासरी आहे. खताची मात्रा, सूर्यप्रकाश व जमीन ह्यांप्रमाणे एकाच भाजीतील प्रमाण कित्येक पटींनी बदलते.

भाज्या उकळून पाणी फेकल्यास बरेचसे नायट्रेट त्या पाण्याबरोबर जाते. याउलट पिण्याचे पाणी उकळल्याने नायट्रेट मुळीच नाहीसे होत नाही. वाफ निघून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यातील प्रमाण वाढतेच. जंतू मारण्यासाठी उकळणे योग्य, नायट्रेटसाठी निरुपयोगी. नायट्रेटयुक्त पाणी बाळाच्या दुधासाठी वापरू नये, हाच खरा उपाय.

बिटाच्या रसानंतर लघवी तांबूस होते, तिला भिण्याचे कारण नाही. रक्तदाब कमी करणारी किंवा हृदयशूलावरील नायट्रेटची औषधे घेणाऱ्यांनी, तसेच मूतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून हा प्रयोग करू नये. बीट व पालक ह्यांत ऑक्झलेटही भरपूर असते. आणि नायट्राइटचे क्षार कोणत्याही रूपात, कोणाच्याही सांगण्यावरून घेऊ नयेत. नायट्रेट व नायट्राइट ह्या नावांत एका अक्षराचा फरक असला, तरी नायट्राइटचा एखादा ग्रॅमही प्राणावर बेतू शकतो.

सरावाने स्नायू घडतात, विश्रांतीने ते सावरतात आणि सकस आहाराने टिकतात. नायट्रेट ह्या तिहींच्या वर काहीशी भर घालू शकते, त्यांची जागा घेऊ शकत नाही. मैदानावर एक-दोन टक्क्यांनी हारजीत ठरते, म्हणून खेळाडूला त्या भरीचे मोल वाटणे साहजिक आहे. पण त्याच रेणूचे माप विहिरीच्या काठी वेगळ्या काट्याने करावे लागते. तेथे पारड्यात एक-दोन टक्के नसतात, एखाद्या घरातले तान्हे मूल असते.